कागद कुणाच्या घरचा?

(भोरमध्ये झालेल्या एका बोलण्याचं हे शब्दांकन. बोली बरीचशी तशीच ठेवली आहे, फक्त पुन्हापुन्हा आलेली वाक्यं गाळली आहेत.)

मागं ऐकू येतंय ना? बरं.

आत्ता माझी ओळख करून देताना "विद्यापीठ ग्रंथालयाच्या अभिलेखागार आणि विशेष संग्रह विभागाच्या प्रमुख" असं म्हणाले. माझं माहेर वेल्ह्याकडचं. तिथं आईनं याचं सोपं करून ठेवलंय. कुणी विचारलं, पोरगी काय करते, तर म्हणते, "जुनी कागदं सांभाळती." आईचं बरोबर आहे. पण सांभाळायचं म्हणजे नेमकं काय, हे कळायला मला नोकरीतली बरीच वर्षं गेली आणि एक मोठी चूक करावी लागली. आज तीच सांगायला आलेय.

आधी आपल्याच तालुक्यातली एक गोष्ट. रायरेश्वराच्या पायथ्याचं कारी गाव तुम्हाला माहीत आहे. कान्होजी जेध्यांचं गाव. त्या जेधे देशमुखांच्या घरात एक शकावली होती. शकावली म्हणजे कोणत्या शकात काय घडलं याच्या त्रोटक नोंदी. शके १५४० ते १६१९, म्हणजे साधारण ऐंशी वर्षांच्या. लोकमान्य टिळकांनी ती १९१६ साली प्रसिद्ध केली. तोवर शिवाजी महाराजांचा जन्म शके १५४९ मधला, म्हणजे १६२७ चा, असं धरून चालायचे. कारीच्या कागदात निघालं फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१. म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. आज आपण शिवजयंतीची सुट्टी घेतो ती याच तारखेला.

आता एक विचार करा. एका घरातल्या कागदावर एवढा भरवसा का ठेवायचा? वाद झालेच, वर्षानुवर्षं झाले. पण पुढं तिकडं तंजावरला कवींद्र परमानंदाच्या 'शिवभारत' या संस्कृत काव्याची पोथी मिळाली, त्यातही हीच तिथी. एक कागद मावळातल्या देशमुखाच्या वाड्यातला, दुसरी पोथी शेकडो कोस लांब दक्षिणेत. दोन साक्षीदार वेगवेगळ्या गावचे असले आणि एकच गोष्ट सांगू लागले, की पंच ऐकतात. पण हे साक्षीदार वेगळे आहेत, हे आपल्याला कळलं कशावरून? कोणता कागद कुठून आला, हे कुणीतरी लिहून ठेवलं होतं म्हणून. दोन्ही कागदांवर नुसतं "जुना संग्रह" लिहिलेलं असतं, तर त्यांची साक्ष अर्धी झाली असती.

हे मला पाठ होतं. परीक्षेत लिहिलंही होतं. तरी चूक केली.

विभागाचा पदभार घेतला तेव्हा मी नवी, उत्साही. आमच्याकडं भोर-वेल्हे भागातून फार पूर्वी आलेले मोडी कागदांचे रुमाल होते. रुमाल म्हणजे तुमच्या खिशातला नव्हे. जाड कापडात बांधलेलं कागदांचं गाठोडं. कापडं कुबट, धुळीनं भरलेली. वरून विचारणा चालू होती, सूची कधी होणार? मी ठरवलं, एकदाचं नीट लावून टाकू. रुमाल सोडले. पत्रं एकीकडं, हिशेब एकीकडं, जमिनीचे कागद एकीकडं. सगळं नव्या आम्लमुक्त खोक्यांत भरलं, वर छान लेबलं लावली. जुनी कापडं टाकून दिली. पाहुणे यायचे, कपाटं बघून शाबासकी द्यायचे.

दोनेक वर्षांनी एक बाबा आले. गुंजवणीच्या खोऱ्यातून, दोन एस्ट्या बदलून. धोतर, टोपी, हातात पिशवी. म्हणाले, "म्याडम, आमच्या आज्यानं रुमाल दिल्याला हाय हितं. फकस्त बघायचाय." मी म्हटलं, बसा बाबा. नाव-गाव विचारलं. दाखल नोंदवहीत एवढंच होतं: "भोर भागातून, रुमाल तीन." नाव नाही, गाव नाही. बाबा म्हणाले, "कापडाच्या टोकाला चिठ्ठी शिवल्याली व्हती. आज्याचं नाव व्हतं तिच्यावर."

ते कापड मी टाकलं होतं.

बाबांना मी काय सांगितलं माहिती आहे? "शोधून कळवते." खरं सांगायची हिंमत झाली नाही. ते चहा पिऊन गेले. जाताना पाया पडायला लागले, मीच मागं सरले.

आमच्या कामात एक नियम आहे. फ्रान्समध्ये १८४१ साली सरकारी परिपत्रक निघालं, की एका घराण्याचे किंवा एका कचेरीचे कागद एकत्रच ठेवायचे, दुसऱ्यात मिसळायचे नाहीत. पुढं त्याला जोड मिळाली: मूळ मालकानं ज्या क्रमानं लावले, तो क्रमही मोडायचा नाही. त्यामागं साधं कारण आहे. हिशेबाच्या शेजारी पत्र का ठेवलं, हे त्या घराला ठाऊक असतं. हिशेबात ज्या माणसाला पैसे दिलेत, पत्र त्याचंच असतं. मी दोन्ही वेगळ्या खोक्यांत टाकले आणि तो धागा तोडला.

मग उलटं काम सुरू केलं. आठ महिने लागले. सूची थांबवली, त्याबद्दल बोलणी खाल्ली. आम्ही कागदांची भोकं जुळवली. हसू नका, खरंच. कसर किंवा किडा कागद खातो तो थरातून आरपार जातो. एकावर एक असलेल्या कागदांत भोकं एकाच जागी असतात, वरून खाली बारीक होत जातात. पाण्याचा डागही तसाच, खालच्या कागदावर उतरतो. घड्या कुठं पडल्यात, अक्षर कोणाचं, कोणत्या गावांची नावं फिरून फिरून येतात, हे सगळं मांडलं. आमच्यात मोडी वाचणारे दोघंच. त्यातून तीनपैकी दोन रुमाल बऱ्यापैकी उभे राहिले. बाबांच्या गावाचं नाव एका रुमालात सतरा वेळा निघालं. मी स्वतः त्यांच्या घरी गेले, झालेली चूक सांगितली. ते गप्प बसले. मग म्हणाले, "टाकलं तर टाकलं. कागद हायेत न्हवं?"

सगळे नाहीत, मंडळी. एक खोकं अजून आहे माझ्याकडं. त्यावर लिहिलंय "घर अज्ञात." माझ्या टेबलावरून दिसेल असंच ठेवलंय.

त्यानंतर विभागात काही गोष्टी बदलल्या. कापड, दोरी, चिठ्ठी, काहीही टाकायचं नाही, त्याचा फोटो आणि नोंद आधी. कागद देणाऱ्याशी लेखी करार: काय दिलं, कोण बघू शकेल, परत हवं असेल तर काय. आणि शक्यतो मूळ कागद घरीच राहू द्यायचा. आम्ही गावात येतो, स्कॅन करतो, एक प्रत घराला देतो. कुणी विचारतं, "कागद दिला तर जमीन जाईल का?" ही भीती मला खुळी वाटत नाही. इथल्या लोकांनी वतनं गेलेली पाहिलीत, धरणात गावं गेलेली पाहिलीत. ज्या कागदावरून कोर्टात वाद चालू आहे, तो मी घेतच नाही. तो आधी वकिलाला दाखवा.

गावांच्या नावांचंही तेच. भोर संस्थान १९४८ साली विलीन झालं. भोर पुणे जिल्ह्यात आलं, पण संस्थानचा घाटाखालचा सुधागड तालुका गेला कुलाब्यात, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात. वेल्हे तालुका आता राजगड झाला. शंभर वर्षांनी कुणी शोधायला बसला, तर तो कोणतं नाव टाइप करेल? म्हणून आमच्या सूचीत जुनं नाव आणि नवं नाव दोन्ही असतात.

आता तुमचं काम. घरी माळ्यावर, पेटीत कागद असतील. आई म्हणायची, चुलीच्या धुरानं माळ्यावरच्या कागदाला कीड लागत नाही. आता घरोघरी गॅस आलाय, आणि वेल्ह्याचा पाऊस तुम्हाला माहीत आहे. तेव्हा पावसाळ्याआधी एकदा पेटी उघडून बघा. फाटलं असेल तर सेलोटेप लावू नका, तिचा पिवळा डाग निघत नाही. लॅमिनेशन तर अजिबात नको. उन्हात वाळत घालू नका, सावलीत वारा द्या. गाठोडं सोडण्याआधी फोनवर फोटो काढा. आणि एका चिठ्ठीवर पेन्सिलीनं लिहून आत ठेवा: घर कुणाचं, गाव कोणतं, कागद कुणी जपला.

मोडी वाचता येत नसली तरी चालेल. वाचणारा पुढं कधीतरी भेटेल. पण हा रुमाल कुणाच्या घरचा, हे आज फक्त तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाला माहीत आहे. आज रात्री जेवताना त्यांना विचारा.

एवढंच.