स्टुडिओ: इटलीहून आलेला कोल्हापूरकर

जयप्रभा स्टुडिओ, शालिनी स्टुडिओ ही नावं कोल्हापूरकराला नवी नाहीत. पण ‘स्टुडिओ’ हा शब्द मूळचा इटालियन, इंग्रजीमार्गे आपल्याकडे आलेला. त्याच्याही मागे गेलं तर लॅटिन ‘स्टुडियुम’ भेटतो. अर्थ आवड, ध्यास, अभ्यास. ‘स्टुडंट’ही त्याच घराण्यातला. इटलीत ‘स्टुडिओ’ म्हणजे अभ्यासाची खोली, चित्रकाराची कामाची जागा. वकिलाच्या कचेरीलाही तिथे आजही ‘स्टुडिओ’च म्हणतात. इंग्रजीने एकोणिसाव्या शतकात त्यातली चित्रकाराची खोली तेवढी उचलली. पुढे तिथे फोटोग्राफर आला, मग सिनेमा, मग आम्ही रेडिओवाले.

गंमत अशी, की चित्रकार ते सिनेमा हा या शब्दाचा प्रवास कोल्हापुरात एकाच माणसाने केला. बाबूराव मेस्त्री, म्हणजे आपले बाबूराव पेंटर. नाटकांचे पडदे रंगवणारा हा कलावंत सिनेमाने झपाटला, त्याने कॅमेरा स्वतः घडवला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. 1920 चा ‘सैरंध्री’ चित्रपट तिथलाच. लॅटिनमधला तो ध्यास याहून वेगळा काय असणार!

चित्रपटकार शांताराम, दामले, फत्तेलाल याच कंपनीत तयार झाले. 1929 मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह कोल्हापुरात ‘प्रभात’ फिल्म कंपनी सुरू केली. 1933 मध्ये ‘प्रभात’ पुण्याला गेली. त्या स्टुडिओच्या जागेत आज फिल्म इन्स्टिट्यूट आहे. अभ्यासाचीच जागा.