विस्थापितांची वाट आणि कलावंताची मोटारसायकल

(पनवेल येथे कार्यकर्त्यांपुढे केलेले भाषण)



कला म्हणजे फावल्या वेळचा विलास, ही समजूत आपल्या चळवळीत अद्याप आढळते. ती तपासून पाहावयास लावणारे काम मुंबईच्या शर्मिला सामंत आणि तुषार जोग या दोन कलावंतांनी केले. १९९९ साली त्यांनी काही सहकाऱ्यांसह ‘ओपन सर्कल’ हा गट उभा केला. कलादालनाच्या भिंती ओलांडून सार्वजनिक प्रश्नांना भिडावे, हा त्यामागील हेतू होता.

सामंत यांनी कोका-कोलाच्या बाटल्यांची बुचे जोडून साडी घडविली. परकीय भांडवल अंगावर कसे चढते, हे सांगण्यास अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाला अनेक तास लागतात. जोग यांनी ‘युनिसेल’ नावाचे एकट्याचेच बांधकाम खाते काढले आणि लोकलला लोंबकळणाऱ्या प्रवाशांना गाडीस अडकवून घेण्याचे साधन सुचविले. यातील उपरोध हार्बर मार्गाच्या प्रवाशांना समजावून सांगावा लागणार नाही. गाड्या वाढवावयाच्या नसतील, तर माणसालाच गाडीचा भाग करा!

२०१० साली जोग शांघायच्या कलाप्रदर्शनासाठी मुंबईहून मोटारसायकलने निघाले. डॉन किहोतेच्या घोड्याचे ‘रोसिनांते’ हे नाव त्यांनी गाडीला दिले. वाट सरदार सरोवर आणि थ्री गॉर्जेस या धरणांवरून जात होती. पहिल्याची झळ आपल्या नंदुरबार जिल्ह्यातील ३३ गावांना पोचली. दुसऱ्याने १२ लाखांहून अधिक माणसे उठविली. एकीकडे लोकशाही, दुसरीकडे साम्यवादी म्हणविणारी राजवट. परंतु लाभ-खर्चाच्या कोष्टकात बुडालेल्या घराला दोन्हीकडे रकाना नाही. तो रिकामा रकाना दाखविणे, हेच या प्रवासाचे मोल.

ही कला अखेर श्रीमंतांच्या दालनांतच पोचते, हा आक्षेप खरा आहे. पण आपल्या मेळाव्यांत तिला आपण जागा किती दिली? भूसंपादनाविरुद्ध १९८४ साली जासईच्या लढ्यात पाच जण हुतात्मे झाले. पुढे विमानतळासाठी याच पनवेल तालुक्यातील गावे उठली. ऑक्टोबर २०२५मध्ये त्याचे उद्घाटन झाले. ठराव आणि निवेदने आपण जपली; गेलेल्या अंगणांची आठवण मात्र घरोघरी विखुरली आहे.

कला संघटनेची जागा घेणार नाही. मोटारसायकलने धरण अडत नाही. मात्र ज्याची नोंदच नाही, त्याची भरपाई मागणार कशी? जोग २०१८ साली निवर्तले. त्यांचे काम पुढे न्यावयाचे, तर उठलेल्या गावांची कहाणी त्याच गावकऱ्यांनी पनवेलच्या बाजारात, एसटी स्थानकासमोर मांडावी. कलावंताने सोबतीस यावे आणि आपण जागा करून द्यावी.