पडदा काळा पडला म्हणजे यंत्र निकामी झाले काय?

(तळोजा येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषणाचा सारांश)



ज्या घरात एकाच लॅपटॉपवर दोन-तीन भावंडांचा अभ्यास चालतो, तेथे परीक्षेच्या तोंडावर त्याचा पडदा काळा पडला की साऱ्या घराच्या तोंडचे पाणी पळते. ‘मदरबोर्ड गेला’ असे कोणी सांगितले की पालक उसनवारी करतात, नाहीतर मुलांचा अभ्यास थांबतो. म्हणून मला आज एवढेच सांगावयाचे आहे की, खर्च करण्यापूर्वी चित्र नेमके कोठे अडले हे शोधावे.

बटण दाबताच प्रथम कंपनीचे नाव दिसते व त्यानंतर विंडोज सुरू होते. नाव दिसून मग अंधार झाला, तर पडदा बहुधा ठीक असतो. दोष पुष्कळदा ग्राफिक्स ड्रायव्हरमध्ये असतो. अशा वेळी विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही बटणे एकदम दाबावीत, म्हणजे ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. तेवढ्याने न भागल्यास सेफ मोडमध्ये जाऊन जुना ड्रायव्हर परत आणावा. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक कंपनीच्या सदोष अपडेटमुळे जगातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पडले. यंत्रे धडधाकट होती. सेफ मोडमध्ये जाऊन एक फाईल काढून टाकताच पुष्कळ संगणक पूर्ववत चालू झाले.

नावच दिसत नसेल, तर पंखा फिरतो काय, दिवा लागतो काय, हे पाहावे. चार्जर काढून, चालू करण्याचे बटण अर्धा मिनिट दाबून धरावे व पुन्हा प्रयत्न करावा. मग खोलीत अंधार करून पडद्यावर तिरका टॉर्च धरावा. पुसट चित्र दिसले, तर पडद्यामागचा उजेड तेवढा गेला आहे. घरचा टीव्ही एचडीएमआय केबलने जोडावा. तेथे चित्र उमटले, तर दोष बहुधा पडद्यात किंवा त्याच्या केबलमध्ये आहे. तेथेही काही न दिसल्यास जाणकाराकडून रॅम काढून, पुसून, पुन्हा बसवून घ्यावी. आपल्या कोकणपट्टीच्या दमट हवेत तिच्या टोकांवर ओल व धूळ धरू शकते.

पालकांना एक विनंती. पडदा वेगळा आणि माहितीचा साठा वेगळा. तेव्हा मुलांचे लेखन दुसरीकडे उतरवून घेतल्याखेरीज कोणासही फॉरमॅट करू देऊ नका. विद्यार्थ्यांनी काय केले व काय दिसले, हे चिठ्ठीवर क्रमाने लिहून दुकानात न्यावे. त्यामुळे कारागिराचे काम सोपे होते आणि नको असलेला खर्च टळतो.