कोकणच्या घरात चूल कोणती असावी?

कविवर्य केशवसुतांचे जन्मग्राम म्हणून विख्यात असलेल्या मालगुंडासारख्या सागरतीरीच्या गावी, जेथे नारळीच्या वाड्यांतून सोडणे, करवंट्या आणि वाळलेल्या झावळ्या बारमाही मुबलक मिळतात, तेथे गृहस्थाने केवळ शेजाऱ्याचे पाहून चुलीची निवड करणे मला उचित वाटत नाही. जळण फुकट मिळते हे खरे. परंतु त्याच्या धुराचे मोल घरातील गृहिणीचे नेत्र आणि फुप्फुसे देत असतात, आणि हा हिशेब कोणत्याही जमाखर्चात लिहिला जात नाही. पावसाळ्यात तर ओलसर सोडणे पेटण्याऐवजी धुमसतच राहतात. म्हणून मृगापूर्वीच कोरड्या जळणाची बेगमी करावी.

लाकूडफाटाच वापरावयाचा असेल, तर सन 1983 मध्ये केंद्र सरकारने ज्यांच्या प्रसारार्थ राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला, त्या निर्धूर चुलींचा विचार अवश्य करावा. मात्र धुराडे कौलारू छपराच्या आढ्याहून उंच नेण्याची तजवीज ठेवावी, नाहीतर समुद्रावरचा वारा धूर उलट स्वयंपाकघरात लोटतो.

गोठ्यात तीन-चार जनावरे असल्यास दोन घनमीटरचा गोबरगॅस लहान कुटुंबास पुरतो आणि खतही मिळते. रोजच्या घाईच्या रांधण्यास गॅसची शेगडी सोयीची. कोळशाची शेगडी मात्र बंद खोलीत कदापि पेटवू नये: तिच्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साईड रंगहीन, गंधहीन आणि प्राणघातक असतो.