झोत कुठं पाझरतो?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



आयोजकांनी फोनवर बजावलं होतं, विज्ञानाचं सांग, पण पोरं झोपली नाही पाहिजेत. मी कारखान्यांतल्या यंत्रांवर नजर ठेवणारं सॉफ्टवेअर लिहिते. त्यामुळे मला आवडतो तो विषय घेते: कणांचा झोत कुठं गळतो, ते कसं ओळखायचं.

केशोरीच्या माणसाला नहर समजावून सांगायची गरज नाही. इटियाडोह आपल्या शेजारीच आहे. नहर कुठं पाझरते हे शोधायला कोणी पाण्यात उतरत नाही. ज्या बांधीत पाणी सोडलेलं नाही, तिथं ओल दिसली की समजायचं. गळती आत, खूण बाहेर.

कणप्रवेगकातही हेच चालतं. इंदूरला राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात 'इंडस-२' नावाचं यंत्र आहे. १७२ मीटरच्या वर्तुळाकार नळीत इलेक्ट्रॉन सेकंदाला सुमारे १७ लाख फेऱ्या मारतात. नळीत निर्वात असतो, पण शंभर टक्के निर्वात कुठंच नसतो. एखादा इलेक्ट्रॉन उरल्यासुरल्या हवेच्या रेणूवर आपटतो, एखादा वाट सोडून नळीच्या भिंतीत घुसतो. तिथं नवे कण आणि किरण उधळतात आणि भिंतीतून बाहेर येतात. ती झाली आपली ओल. ती टिपणारी उपकरणं नळीच्या बाहेर लावतात.

इलेक्ट्रॉनच्या यंत्रात एक अडचण असते. वळणावर इलेक्ट्रॉन स्वतःच प्रकाश आणि क्ष-किरण सोडतात, तेव्हा सगळीकडेच ओल दिसते. जर्मनीत हॅम्बुर्गच्या 'हेरा' यंत्रावर यावर छान युक्ती वापरली होती. नखाएवढे दोन डायोड पाठीला पाठ लावून ठेवायचे. क्ष-किरण बहुधा एकातच अडकतो, विद्युतभारित कण दोन्हींतून आरपार जातो. दोघांनी एकाच क्षणी 'आला' म्हटलं तरच मोजायचं. दोन साक्षीदारांची साक्ष जुळली तर खरी, एवढंच.

इंडस-२ मध्ये झोत पूर्ण भरला तरी त्यातली ऊर्जा मी हिशोब केला तर तीनशे ज्यूलच्या आत येते. किलोभर वजनाची वीट दहा मजली इमारतीवरून पडावी, तेवढी. आता जिनिव्हाजवळच्या सर्नचा लार्ज हॅड्रॉन कोलायडर घ्या. २७ किलोमीटरचा घेर. एका झोतात ३६२ मेगाज्यूल ऊर्जा मावेल अशी त्याची रचना आहे. एवढ्यात अर्धा टन तांबं वितळतं. आणि या झोताला वळवणारे चुंबक उणे २७१ अंशांवर ठेवलेले. त्यातल्या १२३२ मोठ्या चुंबकांचं वजन प्रत्येकी तीस टनांवर आहे आणि ते ज्या जॅकवर उभे आहेत ते भारतातून, इंदूरच्या केंद्रामार्फत गेलेत, हे जाता जाता सांगते. झोताचा अगदी बारीक अंश जरी चुंबकात शिरला तरी त्याची अतिवाहकता जाते.

म्हणून त्या घेराभर सुमारे ३६०० आयनीभवन कक्ष बसवलेत. अर्धा मीटर लांब नळकांडं, आत नायट्रोजन आणि ॲल्युमिनियमच्या चकत्या, त्यांवर १५०० व्होल्ट. बाहेर पडलेला कण नायट्रोजनमधून गेला की विद्युतभार सुटतो, तो मोजायचा. इथून पुढचं काम आमच्या जातकुळीचं. प्रत्येक कक्षाच्या आकड्याच्या बारा वेगवेगळ्या बेरजा चालू असतात: सर्वांत छोटी ४० मायक्रोसेकंदांची, सर्वांत मोठी दीड मिनिटाच्या जवळपास. कारण नहर फुटणं वेगळं आणि महिनाभर झिरपणं वेगळं. नुकसान दोन्हींत होतं, पण एकाच मापानं दोन्ही सापडत नाहीत. शिवाय झोताच्या ऊर्जेच्या ३२ पायऱ्या. बारा गुणिले बत्तीस, ३८४. एवढ्या मर्यादा एकेका कक्षाला! सगळे मिळून तेरा-चौदा लाख आकडे. एकही मर्यादा ओलांडली की तीन फेऱ्यांच्या आत अख्खा झोत बाजूच्या बोगद्यात ग्रॅफाइटच्या ठोकळ्यावर सोडून देतात.

मर्यादा कडक ठेवली तर धुळीचा कण झोतात पडला तरी यंत्र थांबतं. तसं खरंच होत होतं, त्यामुळे काही मर्यादा सैल कराव्या लागल्या. सैल किती, हा प्रश्न मला त्या चुंबकांपेक्षा मोठा वाटतो.

आता जे सांगायला मी खरं म्हणजे आले, ते. आपल्याकडचे किती तरी लोक कॅन्सरच्या उपचारासाठी नागपूरला, मुंबईला जातात. तिथलं रेडिएशनचं यंत्र हाही छोटा प्रवेगकच. १९८५ ते १९८७ मध्ये कॅनडात बनलेल्या 'थेरॅक-२५' या यंत्रानं अमेरिका आणि कॅनडात सहा रुग्णांना भयंकर जास्त मात्रा दिली. काही जण दगावले. आधीच्या यंत्रांत चुकीचा झोत अडवणारी वेगळी यांत्रिक कुलपं होती. यात ती काढून सगळा भरवसा सॉफ्टवेअरवर टाकला होता. टेक्ससमध्ये चालकानं भराभर कळा दाबून नोंद दुरुस्त केली. पडद्यावर नवी नोंद आली, पण आतली मांडणी जुनीच राहिली. मग 'मालफंक्शन ५४' असा संदेश आला आणि मात्रा दिसली कमी! कारण आयनीभवन कक्षाच्या मोजण्याची ताकदच संपली होती. पुरात मोजपट्टीच बुडाली तर पाणी किती, ते कुठून कळणार? चालकानं 'पुढे जा'ची कळ दाबली आणि रुग्णाला दुसरा झोत बसला. याआधी दुसऱ्या ठिकाणच्या एका बाईंनी भाजल्याचं सांगितलं होतं. असं होऊच शकत नाही, असं त्यांना सांगण्यात आलं.

आजच्या यंत्रांत मात्रा मोजणारे दोन स्वतंत्र कक्ष असतात. पहिला चुकला तर दुसरा झोत बंद करतो, वर वेळेचं वेगळं बंधन. कोलायडरमध्येही झोत भरण्याआधी कक्षांच्या व्होल्टेजमध्ये मुद्दाम हलका चढउतार करून प्रत्येकाकडून उत्तर येतं का ते पाहतात. शून्य दाखवणारा कक्ष शांत आहे की मेलेला, ते त्याशिवाय कळत नाही. आमच्याकडे नवा मुलगा 'मॅडम, आज एकही अलार्म नाही' असं आनंदानं सांगतो, तेव्हा मी पहिल्यांदा त्याला सेन्सरची तार बघायला पाठवते. त्याला राग येतो. येऊ द्या.

घरचं कोणी उपचाराला गेलं आणि टेबलावर काही वेगळं जाणवलं, चटका बसला, तर 'डॉक्टरांना काय वाटेल' म्हणून गप्प बसू नका. तिथल्या माणसाला लगेच सांगा, आणि नोंद करायला लावा.

बारा बेरजांचं गणित मी वेगळं मांडून आणलंय. नववी-दहावीच्या ज्या मुलामुलींना बघायचं असेल, त्यांनी जेवण झाल्यावर दहावीच्या वर्गात या. खडू आणलाय.