नांव एकाचें, गांव दुसऱ्याचें



मुंबईहून पश्चिम रेल्वेनें उत्तरेकडे निघालेल्या एखाद्या कामगारास "कोठें निघालांत?" असें विचारावें, तर तो "तारापूरला" असें उत्तर देतो. तिकीट मात्र तो बोईसरचें काढतो; आणि त्याचा कारखाना ज्या जमिनीवर उभा असतो, ती पुष्कळदां सरावलीची असते. एका प्रवासांत तीन गांवें आलीं. आणि ज्याचें नांव ओठांवर आलेंच नाहीं, नेमक्या त्याच गांवीं तो दिवसभर घाम गाळतो!

सरावली हें पालघर तालुक्यांत बोईसरला खेटून असलेलें गांव. 'तारापूर औद्योगिक क्षेत्र' म्हणून जें सर्वत्र ठाऊक आहे, तें मूळच्या तारापुरांत नाहींच. सरावली, सालवड, कुंभवली, कोलवडे, पाम-टेंभी अशा गांवांच्या शिवारांवर तें पसरलेलें आहे. भातखाचरें गेलीं, धुराडीं आलीं, २०११ च्या जनगणनेंत सरावलीची गणना शहरी वस्तींत झाली. परंतु पाटीवर नांव लागलें तें शेजाऱ्याचें.

मग तारापूरच्या नांवाचा एवढा दबदबा कां? तर तें नांव फार जुनें आणि फार दूरवर गेलेलें आहे. १७३९ च्या जानेवारींत चिमाजी अप्पांच्या फौजेनें तेथील पोर्तुगीज किल्ला सुरुंग लावून घेतला. त्या हल्ल्यांत बाजी भिवराव रेठरेकर हा नामांकित सरदार कामास आला. वसईचा विजय सर्वांस पाठ असतो. पण त्या वर्षीं मे महिन्यांत वसई पडली, तिच्या वाटेवर तारापूरची ही किंमत मोजावी लागली होती, हें थोड्यांसच ठाऊक असतें.

पुढें याच गांवच्या विकाजी मेहेरजी व पेस्तनजी मेहेरजी या पारशी बंधूंनीं निजामाच्या राज्यांत सावकारीची मोठी पेढी चालविली. १८२५-२६ च्या सुमारास वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवर लादून मुंबईस पाठविण्याचा उपक्रम त्यांनींच प्रथम केला. औरंगाबादच्या टांकसाळींत निघालेल्या एका रुपयास तर लोक 'पेस्तनशाही' म्हणूं लागले. समुद्रकांठच्या एका गांवचा सावकार, आणि त्याच्या नांवाचा रुपया दख्खनच्या बाजारांत! सिकंदराबादेस १८४७ सालची त्यांची अग्यारी आजही त्यांचें नांव सांगते.

तारापूरच्या खाडीपलीकडे चिंचणी आहे. तेथें १९५५ च्या सुमारास जमिनींतून जुने ताम्रपट निघाले. त्यांतील एक राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या काळचा, शके ८४८ चा, म्हणजे इसवी सन ९२६ चा आहे. त्यावेळीं संजाण प्रांताचा कारभार एका ताजिक, म्हणजे अरब, अधिकाऱ्याकडे होता. मुहम्मद या नांवाचें संस्कृत रूप करून लेखकानें त्याला 'मधुमति' म्हटलें आहे. या अधिकाऱ्यानें लोकांसाठीं फुकट तरी चालविली, अन्नछत्र घातलें, आणि एका ब्राह्मणानें स्थापिलेल्या मठिकेस दान दिलें. हजार वर्षांमागें या किनाऱ्यावर माणसें एकमेकांशीं कशीं नांदत होतीं, हें यावरून कळतें. परंतु आणखी एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. दान दिलेल्या लहानशा गांवाचें 'कानाडुक' हें नांव त्या लेखकानें गाळलें नाहीं. राजाच्या बिरुदांबरोबर तेंही तांब्यावर कोरलें.

आतां अलीकडचा काळ पाहा. २८ ऑक्टोबर १९६९ रोजीं भारतांतील पहिलें अणुविद्युत्केंद्र येथें व्यापारी तत्त्वावर चालूं झालें, आणि तारापूरचें नांव पृथ्वीभर गेलें. पुढें प्रत्येकीं ५४० मेगावॅटच्या दोन नव्या भट्ट्या २००५ व २००६ सालीं कार्यान्वित झाल्या. त्या विस्तारापायीं अक्करपट्टी व पोफरण या दोन गांवांना आपला ठाव सोडावा लागला. वीज दूरदूरच्या घरांत पोंचली. दिवा लावणाऱ्या किती जणांनीं या गांवांचीं नांवें ऐकलीं असतील?

मोठें नांव लहान नांवास झांकून टाकतें, ही जगाची रीतच आहे. त्यांत तारापूरचा कांहीं दोष नाहीं. पण ज्याची जमीन गेली, त्याचें निदान नांव तरी राहावें, एवढी माणुसकी राखणें अवघड नाहीं. हजार वर्षांपूर्वींच्या ताम्रपटाच्या लेखकास जें सुचलें, तें आजच्या पाट्या लिहिणारांस सुचूं नये काय? घरोघरीं मुलांना भूगोल शिकवितांना तारापूरच्या शेजारीं सरावली, अक्करपट्टी आणि पोफरण हीं नांवेंही सांगावींत. त्यास खर्च कांहींच नाहीं; आणि न सांगितल्यास, तीं पुन्हां सांगणारा पुढें कोणी उरणार नाहीं.