फुटपाथ कुणाच्या बापाचा?

(कोल्हापुरातल्या युवक शिबिरात केलेलं भाषण)



मला विषय दिलाय ‘चालण्याजोगं शहर’. मागच्या पोरांनी दात काढले. हसा. पण रस्त्यावरून चालायला मिळावं म्हणून या देशात माणसं जेलात गेलीत. १९२४ साली केरळात वायकोमला सत्याग्रह सुरू झाला. मागणी देऊळप्रवेशाची नव्हती. देवळाभोवतालच्या रस्त्यांवरून चालू द्या, एवढीच होती. त्यासाठी वीस महिने झुंजावं लागलं. तेव्हा हा विषय आपला जुनाच आहे, डिझाइनवाल्यांना तो परवा सापडला.

त्यांचं म्हणणं मात्र वाईट नाही. २००५ साली सॅन फ्रान्सिस्कोत काही कलावंतांनी पार्किंगच्या मीटरमध्ये पैसे टाकले आणि मोटारीच्या जागेवर हिरवळ अंथरली, बाकडं मांडलं, एक झाड ठेवलं. दोन तासांची बाग! पुढं त्या शहरानं तसल्या बागांना रीतसर परवाने दिले. २००९ ला न्यूयॉर्कनं टाइम्स स्क्वेअरमध्ये मोटारी बंद करून स्वस्तातल्या खुर्च्या टाकल्या. लोक बसले, आणि ते कायमचं झालं. पुण्यानं ११ डिसेंबर २०२१ ला लक्ष्मी रोड एक दिवस चालणाऱ्यांना दिला.

आपल्या महाद्वार रोडवर, ताराबाई रोडवर हे व्हावं का? व्हावं. सणासुदीला तिथं म्हातारं माणूस जीव मुठीत धरून चालतंय. मोटारी काढा, माझा पाठिंबा.

पण मोटार काढायला हिंमत लागते. मोटारवाला फोन फिरवतो. पाटीवाली कुणाला फोन करणार? म्हणून आधी पाटी उचलतात.

माझा बाप फुटपाथवर चपला शिवायचा. बावीस वर्षं, एकाच झाडाखाली. शहराचं नाव सांगत नाही, सगळीकडची गाडी सारखीच असते. एका सकाळी सुशोभीकरण आलं. रापी, आरी, पेटी, सगळं गाडीत गेलं. त्या जागी कुंड्या आल्या. वर्षात झाडं वाळली, कुंड्यांत पानाच्या पिचकाऱ्या. बाप परत कुंडीशेजारी बसला. कागदावर वाळकी कुंडी कायम, आणि बावीस वर्षांचा बाप ‘अतिक्रमण’. त्यांची दोन तासांची बाग कायमची होते. आपला जन्म गेला तरी आपण तात्पुरतेच.

कोल्हापुरी चपलेला २०१९ ला भौगोलिक मानांकन मिळालं. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या मंचावर प्राडानं तसलीच चप्पल चालवली. ओरड झाल्यावर कंपनीनं भारतीय कारागिरांचं नाव घेतलं. चप्पल मिलानला पोचली, शिवणाऱ्याला इथं बसायला चार फूट मिळंनात.

रस्ता सुधारणं म्हणजे काय, ते याच गावात दिसलंय. गंगाराम कांबळेंनी भाऊसिंगजी रोडला चहाचं हॉटेल टाकलं. अस्पृश्याच्या हातचा चहा कोण पिणार? शाहू महाराज गाडी थांबवून प्याले, बरोबरच्यांनाही पाजला. त्या एका कपानं रस्ता जेवढा रुंद झाला, तेवढा कुठल्या बुलडोझरनं केला नाही.

आता कायद्याचं बोलू. २०१४ चा पथविक्रेता कायदा आहे. सर्वेक्षण होऊन सगळ्यांना प्रमाणपत्र मिळेपर्यंत कुणाला उठवता येत नाही. शहर समितीत निदान चाळीस टक्के सभासद विक्रेत्यांनी निवडून दिलेले लागतात, त्यात एक तृतीयांश बाया, अनुसूचित जातींनाही जागा. बागेचा नकाशा कुणीही काढू दे, त्या नकाशात पाटीवाली कुठं बसणार, झाडूवाली दुपारची भाकरी कुठं खाणार, पाणी कुठं पिणार, हे आधी दाखवायला लावा.

तर रविवारी सकाळी सात वाजता बिंदू चौकात, फुले-आंबेडकरांच्या पुतळ्यांपाशी जमायचं. वही, पेन आणि मोजपट्टी घेऊन या. महाद्वार रोडच्या दोन्ही कडांनी चालत जायचं. कोण बसतंय, काय विकतंय, किती वर्षांपासून, किती जागेत, सगळं लिहायचं. मोटारींनी किती जागा खाल्लीय तेही मोजायचं. मोजपट्टी लांब आणा, कमी पडायची.